घरी सोडल्यानंतर येणारा सिस्टरचा फोन

हार्ट अटॅक आलेला माणूस आता पूर्वीपेक्षा फार लवकर घरी येतो. वेळेत अँजिओप्लास्टी (बंद पडलेली धमनी आतून उघडणं) झाली, ती उघडी ठेवणारी जाळी म्हणजे स्टेंट नीट बसला आणि दुसरी गुंतागुंत नसली तर तीन-चार दिवसांत डिस्चार्ज मिळतो. आयसीयूत असताना कुणी ना कुणी सतत बीपी बघत असतं, मॉनिटरवर नजर ठेवून असतं, गोळी तळहातावर देऊन समोर गिळायला लावत असतं. मग एका सकाळी हातात फाइल येते, औषधांची पिशवी येते आणि "महिन्याने दाखवायला या" असं सांगून निरोप मिळतो. देखरेख एकदम थांबते, आणि तीही अशा दिवसांत, जेव्हा हृदय अजून सावरत असतं.

हा मधला काळ सांभाळण्यासाठी अनेक देशांत एक पद्धत वापरली जाते. हृदयरोग विभागात काम केलेली नर्स ठरलेल्या दिवशी रुग्णाला घरी फोन करते. ठरलेले प्रश्न विचारते, घरी मोजलेलं बीपी आणि वजन लिहून घेते, गोळ्यांचा हिशेब घेते आणि काही खटकलं तर डॉक्टरांना गाठते. कुठे यासोबत मोबाइलवरचं अ‍ॅप आणि आपोआप आकडे पाठवणारं बीपीचं मशीन असतं, कुठे नुसता साधा फोन. मशीनचं कौतुक जास्त होतं. मला मात्र वाटतं की या सगळ्याचा जीव त्या नर्समध्ये आहे. तिला काय विचारायचं हे कळतं, आणि उत्तर ऐकून पुढे काय करायचं याचा अधिकारही तिला दिलेला असतो. यातली एक गोष्ट जरी नसली, तरी फोन नुसता चौकशीपुरता उरतो.

आधी हृदयात काय चाललेलं असतं ते बघू, म्हणजे फोनवरचे प्रश्न तसेच का असतात हे कळेल. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा थर साचलेला असतो. त्याला तडा जातो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. अँजिओप्लास्टीने वाट मोकळी होते, पण तोवर मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. त्या जागी पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत हळूहळू व्रण तयार होतो. नवा स्लॅब ओतल्यावर वरून कोरडा दिसला म्हणून कुणी लगेच खालचे टेकू काढत नाही. रामिप्रिल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या या काळात टेकूचं काम करतात. त्या हृदयावरचा ताण कमी ठेवतात, म्हणजे कमजोर झालेली भिंत फुगत, ताणत जात नाही.

स्टेंटची गोष्ट वेगळी. तो धातूच्या जाळीचा असतो, आणि धमनीचं आतलं अस्तर त्याच्यावर पुरतं चढेपर्यंत रक्त त्याला परका समजतं. तिथे पुन्हा गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या असतात: अ‍ॅस्पिरिन, आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. दोन्ही मिळून साधारण वर्षभर घ्यायच्या. त्या मनाने बंद केल्या तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो, आणि तो दुसरा अटॅक अनेकदा पहिल्याहून वाईट असतो.

मग लोक गोळ्या सोडतात तरी का? निष्काळजीपणा हे कारण मी सर्वांत शेवटी धरीन. हिरड्यांतून रक्त येतं, हातावर काळेनिळे डाग उठतात, माणूस घाबरतो. दाढ काढायची असते, कुणीतरी सांगतं की आधी रक्ताच्या गोळ्या थांबवा. पाय दुखतात, कुणीतरी त्याचं खापर कोलेस्टेरॉलच्या गोळीवर फोडतं. पाहुणे अर्जुनसालीचा काढा सुचवतात आणि म्हणतात की इंग्रजी औषधं किती दिवस खाणार. आणि बरं वाटायला लागलेलं असतं. या प्रत्येक वेळी माणसाला कुणालातरी विचारायचं असतं, पण महिन्याने भेटणाऱ्या डॉक्टरांना त्यासाठी फोन करायला संकोच वाटतो. सिस्टरला विचारायला तेवढा वाटत नाही.

असा एक फोन जवळून ऐकू. उदाहरणापुरते सांगलीकडच्या एखाद्या गावातले साठीचे काका घेऊ. डिस्चार्ज मिळून पाच दिवस झालेत.

"काका, कसे आहात?"

"बरा आहे सिस्टर."

इथे फोन ठेवला तर तो वाया गेला. या प्रश्नाला सगळेच "बरा आहे" म्हणतात. अनुभवी नर्स पुढे वेगळंच विचारते: "रात्री डोक्याखाली किती उशा घेता?"

"दोन. आधी एकच लागायची."

उशांचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यातून बरंच कळतं. हृदयाची डावी बाजू कमी पडायला लागली की आडवं झाल्यावर फुप्फुसांत पाणी साठून दम लागतो, आणि माणूस नकळत उशी वाढवतो. त्याला स्वतःला ते लक्षण वाटतच नाही. म्हणून पुढचे प्रश्न: चप्पल घट्ट होते का, संध्याकाळी पायावर बोट दाबलं तर खड्डा पडतो का, वजन किती आहे. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वजन वाढलं तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. या काकांचं वजन डिस्चार्जच्या दिवसापासून दोन किलोहून जास्त वाढलंय.

"गोळ्या सगळ्या चालू आहेत ना?"

"हो, हो. चालू आहेत."

"मग असं करा, सगळ्या पट्ट्या घेऊन बसा आणि काकूंना एकेक नाव वाचायला सांगा. मोठ्या अक्षरातलं नाव नको, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते."

आपल्याकडे हा भाग फार महत्त्वाचा आहे. एकच औषध दहा कंपन्या दहा नावांनी विकतात. गावच्या डॉक्टरांनी आधीपासून दिलेल्या गोळ्या आणि हॉस्पिटलच्या नव्या गोळ्या एकाच डब्यात पडतात. मग काकू वाचतात तेव्हा कळतं की कोलेस्टेरॉलच्या दोन गोळ्या चालू आहेत, जुनी रोसुवास्टॅटिन आणि नवी अ‍ॅटोर्वास्टॅटिन. जुन्या एका गोळीत अ‍ॅस्पिरिनही मिसळलेलं आहे, म्हणजे ते दुप्पट जातंय. त्यातच टिकाग्रेलॉरचा हिशेब जुळत नाही. दिवसाला दोन, म्हणजे पाच दिवसांत दहा गोळ्या जायला हव्या होत्या. गेल्यात पाच.

"रात्रीची घेतली की दम लागल्यासारखं होतं, सिस्टर. म्हणून सकाळचीच घेतो."

आता बघा, तक्रार एकच, दम लागतो. कारणं दोन असू शकतात. टिकाग्रेलॉरने काही जणांना खरोखरच दम लागल्यासारखं होतं. ते बहुधा सौम्य असतं, काही दिवसांत कमी होतं, आणि आडवं होण्याशी त्याचा संबंध नसतो. हृदय कमी पडत असेल तर मात्र आडवं झाल्यावर त्रास वाढतो, वजन चढतं, पाय सुजतात. काकांच्या बाबतीत वजन वाढलंय आणि उशीही वाढलीय. फोनवरून याचा निकाल लावता येत नाही आणि नर्स तो लावायला जातही नाही. ती त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलते आणि काकांना तपासणीला बोलावते. गोळी सोसत नसेल तर डॉक्टर ती बदलून दुसरी देऊ शकतात. तोवर रात्रीचा डोस चुकवायचा नाही, हेही ती तेव्हाच बजावते. महिन्याच्या भेटीपर्यंत हे तसंच राहिलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही.

तंबाखूचा प्रश्नही असाच खोलात जाऊन विचारावा लागतो. "सिगारेट ओढता का?" याला महाराष्ट्रातले लाखो लोक खरेपणाने "नाही" म्हणतील, कारण ते तंबाखू-चुना मळतात आणि घरातल्या बायका मिसरी लावतात. मिसरीला तर कित्येक जणी व्यसन मानतच नाहीत, ते दात घासणं असतं. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांतही हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता. म्हणून प्रश्न नाव घेऊन विचारायचा: विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा, मावा, मिसरी. आणि आवाजात दटावणी आली की पुढच्या फोनपासून खोटी उत्तरं सुरू होतात.

मनाचं काय, हे तर आपल्याकडे कुणी विचारतच नाही. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं. झोपेत काही होईल या भीतीने माणूस जागा राहतो, अंघोळीला दाराची कडी लावत नाही, छातीत जरा चमक आली की घाम फुटतो. जोडीदाराची अवस्था कधीकधी याहून वाईट असते, रात्री उठून तो श्वास चालू आहे का बघत असतो. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलचा प्रश्न दोघांच्या मनात असतो आणि तोंडातून निघत नाही. नर्स तो आपणहून काढते. सर्वसाधारणपणे न थांबता दोन मजले चढून दम लागत नसेल, छाती भरून येत नसेल तर हरकत नसते. फक्त जिभेखालची सॉर्बिट्रेट किंवा तशी नायट्रेटची गोळी चालू असेल तर लैंगिक ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांना हात लावायचा नाही, बीपी धोकादायक इतकं खाली येतं. ही गोष्ट न सांगण्यातला संकोच जिवावर बेतू शकतो.

आता प्रश्न येतो, या फोनने खरंच काही फरक पडतो का. याचा अभ्यास बराच जुना आहे. 1994 साली स्टॅनफर्डच्या डॉ. रॉबर्ट डिबस्क आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या पाच हॉस्पिटलांतल्या 585 रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. नर्स हॉस्पिटलमध्येच रुग्णाला भेटायची आणि पुढचं बहुतेक काम फोन आणि टपालाने चालायचं. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, अ‍ॅप नव्हतं. वर्षभराने नर्सच्या गटात सिगारेट सोडलेले 70 टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात 53 टक्के. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, नर्सच्या गटात सरासरी 107 आणि दुसऱ्यात 132. हे यश तंत्रज्ञानाच्या खात्यावर टाकता येत नाही, म्हणून मला ही चाचणी आजही सर्वांत महत्त्वाची वाटते.

पुढे मेलबर्नमध्ये फोनवरून पाठपुरावा करण्याची एक पद्धत तपासली गेली. तिथे फोन करणाऱ्यांनी रुग्णाला स्वतःचे आकडे पाठ करायला लावले: माझं एलडीएल किती, किती असायला हवं, डॉक्टरांना काय विचारायचं. 2003 साली निकाल आले तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल फोनच्या गटात 21 अंकांनी उतरलं होतं, दुसऱ्या गटात 7 अंकांनी. सिडनीत तर नुसते एसएमएस पाठवून बघितले, 710 रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना, आठवड्याला चार, सहा महिने. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एलडीएल थोडंच कमी झालं, 84 विरुद्ध 79, पण सहा महिन्यांनी सिगारेट ओढणारे एसएमएसच्या गटात 26 टक्के होते, दुसऱ्या गटात 43 टक्के.

सगळे निकाल असे एका बाजूचे नाहीत, आणि तेही सांगायला हवं. सिंगापूरमध्ये 301 रुग्णांवर झालेली चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली. तिथे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या नर्स घरून आलेल्या बीपीच्या नोंदी बघून, फोनवर बोलून, गोळ्यांचे डोस कमी-जास्त करत होत्या. सहा महिन्यांनी हिशेब केला तेव्हा डोस आणि हृदयाचा आकार दोन्ही गटांत सारखेच निघाले. नर्सचा गट पुढे गेला नाही, पण मागेही पडला नाही, आणि डोस बदलल्यामुळे कुणाला धोका झाला नाही. ज्या शहरात हृदयरोगतज्ज्ञ सहज भेटतो तिथे नर्सच्या फोनने आणखी काय वाढणार? जिथे तज्ज्ञ दीडशे किलोमीटरवर आहे तिथे "मागे पडला नाही" याचा अर्थ फार मोठा होतो. हा माझा निष्कर्ष आहे, चाचणीचा नाही. अशा फोनमुळे मृत्यू किती टळतात हे मात्र या चाचण्यांवरून ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी त्या लहान होत्या आणि थोड्या काळाच्या होत्या.

व्यायामासकट पूर्ण पुनर्वसनाचा पुरावा याहून भक्कम आहे. त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात आणि पुन्हा भरती व्हायची वेळ कमी येते. ते केंद्रावर जाऊन केलं काय आणि घरी मार्गदर्शनाखाली केलं काय, परिणाम साधारण सारखाच येतो, असं तीन हजारांवर रुग्णांच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलंय. धडगाव किंवा भामरागडच्या माणसासाठी हीच कामाची गोष्ट आहे. आठवड्यातून तीनदा एसटीने नाशिक-नागपूरच्या केंद्रावर जाणं त्याला कधीच जमणार नव्हतं.

भारतातला पुरावाही आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 14 हॉस्पिटलांत 806 रुग्णांवर एक चाचणी झाली, 2016 साली प्रसिद्ध झाली. तिथे नर्सही नव्हत्या. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते हॉस्पिटलमध्ये आणि मग घरी जाऊन रुग्णाला भेटत, रोजनिशी भरून घेत. वर्षाने गोळ्या नियमित घेणारे 97 टक्के होते, दुसऱ्या गटात 92. वरचं बीपीही सरासरी साडेतीन अंकांनी कमी. फरक लहान वाटेल. पण भारतात हार्ट अटॅक लवकरच्या वयात येतो. भारतातल्या हार्ट अटॅकच्या 20 हजारांवर रुग्णांच्या 'क्रिएट' नावाच्या नोंदणीत सरासरी वय साडेसत्तावन्न होतं. अजून घर चालवणारी माणसं आहेत ही. त्यांच्या पुढच्या वीस वर्षांच्या हिशेबात पाच टक्के कमी नाहीत.

आपल्याकडे नर्सला गोळीचा डोस स्वतःहून बदलता येत नाही. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांचे, जे मार्गदर्शक नियम काढले त्यांत औषध लिहिण्याचं काम नोंदणीकृत डॉक्टरांचं आहे; नर्स आणि इतर आरोग्य कर्मचारी रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला दुवा होऊ शकतात. म्हणजे इथे ही पद्धत चालवायची तर नर्सच्या मागे त्याच दिवशी उत्तर देणारा डॉक्टर नेमलेला हवा. उशा वाढल्याचं सिस्टरने दुपारी कळवलं आणि उत्तर चार दिवसांनी आलं, तर त्या फोनचा काय उपयोग? गोव्यात आणि महाराष्ट्रातही गावच्या केंद्रातला ईसीजी मिनिटांत तज्ज्ञांपर्यंत पोचवण्याची सोय झाली आहे. अटॅकच्या पहिल्या तासासाठी जे करून दाखवलं ते पुढच्या सहा महिन्यांसाठीही करता येईल. अडचण माणसांची आहे. वॉर्डात आधीच तीस-चाळीस रुग्ण बघणाऱ्या सिस्टरला "वेळ मिळाला की फोन पण करत जा" असं सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे आणि रुग्णावरही. हे वेगळं काम आहे. त्याला वेगळं पद, वेगळी खुर्ची आणि प्रशिक्षण लागतं.

फोनलाही मर्यादा आहेत. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांचा फोन मुलाकडे पुण्यात असतो, बाईचा फोन नवऱ्याच्या खिशात. अकरा वाजता माणूस रानात असतो. घरचं बीपी चहा पिऊन, बोलत बोलत मोजलेलं असतं. पाच मिनिटं टेकून शांत बसून, हात छातीच्या उंचीला ठेवून मोजलं तरच त्या आकड्यावर विसंबता येतं. ईसीजी, एको (हृदयाची सोनोग्राफी), रक्ताच्या तपासण्या फोनवर होत नाहीत. आणि हल्लीच्या दिवसांत हेही सांगायला हवं: हॉस्पिटलची सिस्टर कधी ओटीपी मागत नाही, पैसे पाठवायला सांगत नाही.

तुमच्या हॉस्पिटलात अशी सोय नसली तरी डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातच काही गोष्टी विचारून घेता येतात. रात्री शंका आली तर कोणत्या नंबरवर आणि कुणाशी बोलायचं? जुन्यांपैकी कोणत्या गोळ्या बंद? दोन रक्ताच्या गोळ्या कोणत्या तारखेपर्यंत? दाढ काढायची किंवा दुसरं ऑपरेशन करायचं झालं तर कुणाला विचारायचं? गुडघेदुखीवर काय चालेल, कारण डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुकानातून सहज मिळणाऱ्या गोळ्या अटॅकनंतर टाळायच्या असतात. उत्तरं फाइलवर लिहून घ्या. औषधांचा खर्च झेपत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, यातली बरीच औषधं जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतात. पैशांसाठी गुपचूप एक दिवसाआड गोळी घेण्यापेक्षा हे बोललेलं बरं. घरात एक वही करा: तारीख, सकाळचं वजन, बीपी, किती चाललात, काही त्रास. पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ती उघडून ठेवा.

एका वेळी मात्र सिस्टरच्या फोनची वाटही बघायची नाही आणि तिला फोन लावण्यात वेळही घालवायचा नाही. छातीत दाबल्यासारखं झालं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम आला, तर काम सोडून बसायचं. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर बसूनच घ्यायची, उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडायची भीती असते. पाच मिनिटांत आराम नाही पडला तर 108 ला फोन करून अँब्युलन्स बोलवायची. डायबेटीस असलेल्यांना आणि अनेक बायकांना छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून जायला होतं. "गॅस झाला असेल" म्हणत ओवा-सोडा घेऊन बघण्यात जी वेळ जाते तीच हृदयाच्या स्नायूची असते. स्कूटरवर मागे बसवून न्यायचं नाही, रुग्णाला चालवत जिना उतरवायचं नाही. आणि निघताना ती फाइल आणि गोळ्यांचा डबा बरोबर घ्यायचा.